फिनिश लांब हाय

सत्यनारायणाचं तीर्थ तळहातावर घ्यायचं, हलकेच गोल फिरवायचं, डोळे मिटून हुंगायचं, मग सुर्रकन आत ओढून दोन्ही गालांत खळखळवायचं आणि शेवटी गुरुजींना निकाल सांगायचा, "तुळस जरा पुढं आलीय, पण फिनिश लांब हाय." आमच्या माधवनगरच्या कॉलनीत हे करणारा माणूस एकच, डॉ. जगन्नाथ खराडे. फिनिश म्हणजे घोट घशाखाली गेल्यावर मागे रेंगाळते ती चव, हे आम्हाला पुढे कळलं. गुरुजींनी पहिल्यांदा हा सोहळा पाहिला तेव्हा त्यांची पळी हवेतच थांबली. डॉक्टरांनी तीर्थ गिळलं हे सगळ्यांचं नशीब. एरवी ते थुंकतात.

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत. ते नव्याने राहायला आले तेव्हा दारावरची पाटी वाचून समोरच्या कुलकर्णी आजी आपला गुडघा घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी गुडघा सगळ्या बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "आजी, खुंट चांगला हाय. वरची छाटणी करावी लागंल." आजी त्या दिवसापासून जिन्याचा कठडा न धरता उतरतात.

सांगलीबाहेरच्या एका द्राक्ष संशोधन केंद्रात ते शास्त्रज्ञ आहेत, आणि तिथेही वाइनच्या द्राक्षांचे. आता आमच्याकडे द्राक्ष म्हणजे एकतर खायचं, नाहीतर वाळवून बेदाणा करायचा. बी निघालं तर गिऱ्हाईक गाडीवाल्याला चार शब्द ऐकवून जातं. वाइनच्या द्राक्षाला मात्र बी असतं आणि डॉक्टरांचा जीव नेमका त्या बीमध्ये. अख्खी सांगली जे थुंकते त्यावर त्यांनी पीएचडी केली आहे. स्वतः पीत नाहीत. घराणं औंधच्या यमाईचं, सोमवार आणि शुक्रवार कडक. कडेगावात त्यांच्या आई आजही शेजारणींना सांगतात, की जगू बेदाण्याच्या खात्यात आहे. डॉक्टरांचं याबाबतचं शास्त्र सरळ आहे. "मॅडम, गिळली तर दारू. थुकली तर डेटा."

मॅडम म्हणजे मी. सांगलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, एवढाच माझा गुन्हा. पण त्या गुन्ह्यासाठी गेली कित्येक वर्षं मी जागतिक द्राक्षविज्ञानाची सेवा करते आहे. कुठे परदेशात परिषद जाहीर झाली, की संध्याकाळी चहाच्या वेळेला डॉक्टर लॅपटॉप छातीशी धरून दारात उभे. त्यांच्या इंग्रजीत वाक्य सुरू होतं एप्रिलच्या छाटणीला आणि क्रियापद सापडतं द्राक्षं काढणीला आल्यावर. मी ते तोडायचं, जोडायचं आणि चहासुद्धा करायचा. चहा हुंगून, फिरवून, खळखळवून झाला, की अभिप्राय ठरलेला. चहात काही खास घातलं नाही तरी आपल्या चहाची फिनिश लांब असते, हे ऐकून बाईमाणसाला बरं वाटतं, हे मी नाकारत नाही.

एकदा कुणा परदेशी परीक्षकाने निबंध परत पाठवला. तुम्ही एप्रिलमध्येही वेल छाटली म्हणता आणि ऑक्टोबरमध्येही, यातली छपाईची चूक कोणती? त्यांच्याकडे हिवाळ्यात वेल गपगार झोपते, आणि मग वर्षातून एकदा छाटतात. डॉक्टर मला म्हणाले, "लिवा, आमची वेल झोपत न्हाई. हितं थंडी कुठाय झोपायला?" मी ते सभ्य इंग्रजीत लिहिलं. परीक्षकाचं समाधान झालं नाही, पण त्याने वाद सोडून दिला. डॉक्टरांशी वाद घालणारे बहुतेक सगळे शेवटी हेच करतात.

परिषदेत डॉक्टरांच्या वाट्याला यायचं ते पोस्टर. म्हणजे आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर छापायचं, भिंतीला लावायचं आणि शेजारी दोन तास उभं राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर सांगायचं. "कोण विचारतं?" मी एकदा विचारलं. "विचारत्यात की," डॉक्टर म्हणाले, "बाथरूम कुठाय म्हणून." तरी दोन तास संपले, की समोरच्या रिकाम्या जागेला "एनी क्वश्चन्स?" असं विचारूनच ते पोस्टर उतरवायचे. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली, की कॉलनीत एकाच्या घरी मयत झालं म्हणून भेटायला गेलो असताना चार सांत्वनाचे शब्द बोलून झाल्यावर त्यांनी तिथेही तोच प्रश्न विचारला. घरच्यांनी माना हलवल्या. कुणाला काही शंका नव्हती.

परत आणलेल्या पोस्टरचा उपयोगही शास्त्रीय. त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीला पडदा म्हणून एक आंतरराष्ट्रीय संशोधन लावलेलं आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर. भांडी घासता घासता मला द्राक्षबियांतल्या तुरटपणाचे तीन आलेख पाठ झाले आहेत. परिषदेत गळ्यात घालायला मिळणारी नावाची कार्डं फडताळाशेजारच्या खिळ्याला लटकतात, आणि दूध आणायला जाताना त्यातलं एखादं गळ्यात असतं. डेअरीवाला त्यांना अजून रांगेतच उभं करतो.

एका पोस्टरची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या वर्षी डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं, की कागद विमानात चुरगळतो, फ्लेक्स करून घ्या. डॉक्टर गेले स्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे. ह्या कलाकाराने जन्मभर वाढदिवसाचे आणि निवडीचे फ्लेक्स केलेले. आलेख आणि तक्ते पाहून त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर, फोटो पायजेत ओ. न्हाईतर फ्लेक्स बोडका दिसतो." डॉक्टरांनी फोनमधला बागेतला एक फोटो, त्यात कोण कोण आहे त्या नावांसकट, त्याला पाठवला आणि घाईत निघून आले. दुसऱ्या दिवशी गुंडाळी उचलली ती थेट विमानात.

तिकडे परिषदेत गुंडाळी उलगडली, तर वर हाताची घडी घातलेले डॉक्टर, मागे सूर्यकिरण, मधे बियांचे आलेख, आणि खाली गोल चौकटीत, डोक्यावर पदर घेतलेली, तोंडात द्राक्ष धरलेली एक बाई. शेजारी मोठ्या अक्षरांत : शुभेच्छुक, सुभद्रा बिरू कोळेकर.

डॉक्टर घामाघूम झाले. आणि नेमकं त्याच दिवशी त्या पोस्टरसमोर गर्दी झाली. सूर्यकिरणांसह आलेख त्या लोकांनी कधी पाहिले नव्हते. पोर्तुगालच्या डॉ. मार्ता नावाच्या एक बाई गोल चौकटीवर बोट ठेवून विचारू लागल्या, ह्या कोण? शुभेच्छुक या पदाला इंग्रजीत काय म्हणतात ते डॉक्टरांना सुचेना. ते म्हणाले, "माझ्या सहलेखिका."

"थाप मारलीत," परत आल्यावर ते हे सांगत होते तेव्हा मी म्हणाले.

"तोंडातनं गेली तवा थापच हुती," डॉक्टर म्हणाले. "मग ध्यानात आलं, खरंच हाय की."

सुभद्राबाई मूळच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या, मेंढपाळाच्या घरातल्या. कधीकाळी केंद्राच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आल्या, पुढे मेंढरं विकली गेली आणि त्या बागेत रोजानं लागल्या. द्राक्ष काढणीला आलं, की त्या वेलीवरचा एक मणी तोंडात टाकायच्या, बी दाढेखाली कडकन फोडायच्या, थुंकायच्या आणि म्हणायच्या, "अजून चार दिस." साखर मोजायचं यंत्र म्हणायचं, आजच काढा. पहिल्या वर्षी केंद्राने यंत्राचं ऐकलं. वाइन अशी तुरट झाली, की थुंकायलाही कुणी तोंडात घेईना. तेव्हापासून डॉक्टरांनी वही केली. बाई काय म्हणाल्या, कधी म्हणाल्या, प्रयोगशाळेत बियांतून काय निघालं. वर्षामागून वर्षं वही भरत गेली आणि बाई चुकल्या नाहीत.

परिषदेनंतर मार्ताबाईंची पत्रं सुरू झाली. 'प्रिय डॉ. खराडे आणि डॉ. कोळेकर.' दोन देशांनी मिळून बियांच्या चवीवर काम करायचं ठरलं. तिकडून प्रश्न यायचे, डॉक्टर ते बागेत वाचून दाखवायचे, सुभद्राबाई उत्तर द्यायच्या आणि मी त्याचं इंग्रजी करायची. "बी पिकलं न्हाई की जिभंला घोंगडं चावल्यागत होतंय," याचं इंग्रजी करताना माझी तीन शब्दकोशांवरची श्रद्धा उडाली. मी शब्दशः लिहून टाकलं. मार्ताबाईंनी कळवलं, की इतकं अचूक वर्णन त्यांनी कुठे वाचलं नाही, डॉ. कोळेकर कोणत्या विद्यापीठात शिकल्या?

मग मागच्या वर्षी ती बातमी आली. पोस्टर नाही, भाषण! मोठ्या परिषदेत, स्टेजवर, वीस मिनिटं. डॉक्टरांनी कॉलनीत कंदी पेढे वाटले. शिवाय त्याच परिषदेत वाइन पारखणाऱ्या पंचांमध्ये त्यांचं नाव होतं. जगभरातली नाकं एका टेबलाशी बसणार आणि त्यांत कडेगावचं एक. डॉक्टर आठवडाभर गळ्यातलं कार्ड न काढता हिंडले.

फक्त एक फॉर्म भरायचा होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आला.

फॉर्मला प्रत्येक लेखकाची पदवी हवी होती. खाली यादी, त्यातून एक निवडायची. आणि कुणी नेमकं काय काम केलं, तेही हवं होतं. केंद्रप्रमुखांनी दिवसभर डॉक्टरांना समजावलं होतं. मजूर बाईचं नाव कशाला? हसं होईल. ते काढा, जागा रिकामी दिसत असेल तर माझं घाला. केंद्रप्रमुखांचा स्वभाव असा मदतीला तत्पर. मार्ताबाईंनीही, कोळेकर डॉक्टर नाहीत हे कळल्यावर, प्रेमाने एक वाट सुचवली होती. पंचांच्या टेबलावर बसणारा माणूस तुम्ही आहातच, तेव्हा चव घेण्याचं काम तुम्ही केलं असं लिहा, त्यांचे शेवटी आभार माना.

"चांगलं सुचवलंय," मी म्हणाले. "आभाराचं वाक्य मी छान करून देते."

डॉक्टर माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा चिडले. "आभार? आभार मांडववाल्याचं मानत्यात, मॅडम!"

डॉक्टरांनी सुभद्राबाईंना फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, तुमचं शिक्षण किती?"

"कशाचं?"

"कसलंबी."

"मेंढरांचं लय हाय, सायेब. द्राक्षांचं तुमच्याम्होरंच झालं की." मग त्या म्हणाल्या, "आवं, नडत आसंल तर काडा की माजं नाव. मला काय वाचाया येतंय?"

डॉक्टरांनी फोन बंद केला. यादीच्या तळाशी 'इतर' असा एक पर्याय होता. मी तो निवडला आणि पुढच्या चौकटीत टाइप केलं, मेंढ्या आणि द्राक्षं. मला वाटलं, डॉक्टर हसतील. ते खालच्या चौकटीकडे बघत होते. कोणी काय काम केलं.

"लिवा," ते म्हणाले. "सगळी चव कोळेकर यांनी घेतली."

मी लिहिलं.

"पुढं लिवा. पहिल्या लेखकाला वास येत न्हाई."

मी हसले. इतकी वर्षं या माणसाच्या एकेका वाक्यावर मी स्टाफरूम हसवली होती, हेही त्यातलंच एक वाटलं. डॉक्टर हसत नव्हते.

"त्या साथीत मला ताप आला हुता बघा. तवा गेला त्यो गेला. आदी वाटलं, म्हैन्याभरात येईल. सगळ्यांचा आला." ते कपाच्या कानाशी चाळा करत होते. "गोड, आंबट, खारट, तुरट, एवढं कळतं. बाकी काय न्हाई."

"पण तुम्ही तर... तीर्थ, चहा..."

"बघतो, मॅडम. हाताला लागंल ते हुंगून बघतो. यखाद्या दिवशी येईल म्हणून."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम ती आमटी आली. एकदा उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे कटाची आमटी पाठवली, आणि ती आंबली आहे हे कळल्यावर परत आणायला धावले. तोवर वाटी रिकामी. "आंबटपणा लय धाडसी हाय," डॉक्टर म्हणाले होते, "फिनिश तर लांबच." हा किस्सा मी किमान पन्नास लोकांना सांगितला आहे. आणि ते दूध! अख्ख्या जिन्यात करपल्याचा वास, आम्ही दार बडवतोय, आणि डॉक्टर गॅसपासून चार हातांवर बसून शांतपणे वाचतायत. विद्वान माणूस, भान नसतं, असं मी त्यालाही मीठमसाला लावून सांगितलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"वहिनींना?" मी विचारलं. डॉक्टरांच्या पत्नी मालतीवहिनी साताऱ्याला शाळेत मुख्याध्यापिका. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून येतात आणि आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकाला लागतात.

"न्हाई सांगितलं. आठवड्याचा एकच दीड दिवस ती हौसेनं करती. समोर बसून बघत ऱ्हाती, कसं झालंय म्हणून. काय सांगू तिला?"

"कोणालाच माहीत नाही?"

"सुभद्राबाईंस्नी. तापानंतरच्या पहिल्याच हंगामात. नासका घड माज्या नाकाफुडं धरला, मी वहीत 'ठीक' लिवलं. बाई काय बोलल्या न्हाईत. दुसऱ्या दिवसापास्नं, मी न इचारता, मोठ्यानं सांगाया लागल्या. हे वल्या मातीगत हाय. ह्येला जांभळाचा वास हाय. ह्यो घड शेळकटलाय. मी लिवून घ्याचो." त्यांनी लॅपटॉपवरच्या कोळेकर या नावाकडे बोट केलं. "हे माजं नाक हाय, मॅडम. नाकाचं आभार मानू?"

"डॉक्टर, हे वाचलं की ते तुम्हाला पंचांत ठेवणार नाहीत."

"कशाला ठेवतील? मीबी ठेवला नसता."

"सांगलीपर्यंत बातमी येईल."

"यील की." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "एनी क्वश्चन्स?"

मी ते वाक्य टाइप केलं. आजवर त्यांची शेकडो वाक्यं दुरुस्त केली, ह्याला हात लावावा लागला नाही.

पंचांच्या यादीतून नाव निघालं, अतिशय नम्र भाषेत. भाषण राहिलं. डॉक्टर गेले, वीस मिनिटं बोलले. परत आले ते दोन कार्डं घेऊन. एक खिळ्याला गेलं. दुसऱ्यावर इंग्रजीत एस. बी. कोळेकर लिहिलेलं होतं. ते सुभद्राबाई बागेत गळ्यात घालतात आणि काम करताना मधे मधे येतं म्हणून पाठीवर टाकतात. प्रश्न विचारायला किती लोक उठले, असं मी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लय. आणि बाथरूम कुणीच इचारलं न्हाई."

केंद्रात मात्र पहिल्याच आठवड्यात 'बिननाकाचा शास्त्रज्ञ' हे नाव पडलं. बातमी साताऱ्याला पोचायच्या आत सांगायला हवं, म्हणून डॉक्टरांनी त्या शनिवारी वहिनींना जेवण वाढायच्या आधीच सांगून टाकलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाजही आला नाही. रात्रीचं जेवण बाहेरून आलं. डॉक्टर ज्याला भीत होते तेच झालं, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी मी भांडी घासत होते. समोर आलेखांचा पडदा, त्याच्या शेजारच्या खिडकीत त्यांचं स्वयंपाकघर. कढईत काहीतरी चर्रर्र झालं आणि वहिनींचा आवाज आला, शाळेत प्रार्थनेनंतर सूचना देतात तसा, स्पष्ट आणि खणखणीत.

"मोहरी तडतडली. आता हिंग टाकते. हिंग उग्र आहे, नवी डबी आहे. लसूण घातला. कच्चा आहे अजून. थांबा. हं, आता गोडूस वास सुटला. आता खमंग."

"सावकाश सांग की," डॉक्टर म्हणाले. "लिवून घेतोय."

"लिहू नका, नुसते बसा. डोळे मिटा. कढीपत्ता टाकलाय." मग फोडणीवर डाळ ओतल्याचा आवाज. "लसूण जरासा करपला. माझं बोलण्यात लक्ष होतं."

"करपू दे. फिनिश कशी हाय?"

माझा नळ तसाच चालू होता. वहिनी जन्माच्या सातारा शहरातल्या, शुद्धलेखनाला अर्धा गुण कापणाऱ्या. त्यांनी बहुधा पळीभर आमटी तोंडात घेतली असावी, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"लांब हाय," त्या म्हणाल्या. "लय लांब हाय."